लाँगबोर्डचे ट्रक निवडताना या चुका टाळा

लाँगबोर्ड (लांब स्केटबोर्ड) मनासारखा वळत नाही, वेगात थरथरतो किंवा वळणावर चाक डेकला, म्हणजे उभे राहायच्या फळीला, घासते, अशी तक्रार असली की बहुतेक जण आधी पाना हातात घेतात आणि किंगपिनचा (ट्रकच्या मधल्या मोठ्या बोल्टचा) नट आवळून किंवा सैल करून पाहतात. त्याने भागले नाही, की ट्रक, म्हणजे डेकखालचा चाके धरणारा धातूचा सांगाडा, खराब ठरवून नवा जोड मागवतात. माझे मत असे आहे की यांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ ट्रकच्या दर्जात नसून निवडीच्या उलट्या क्रमात असते. बोर्ड कसा चालवायचा हे आधी ठरले पाहिजे. त्यावरून ट्रकचा प्रकार आणि बेसप्लेटचा (डेकला जोडलेल्या भागाचा) कोन, मग हँगरची (चाकांचा एक्सल धरणाऱ्या भागाची) रुंदी, मग आपल्या वजनाला साजेसे बुशिंग, म्हणजे किंगपिनवरचे रबरासारखे कडे ठरते, आणि नटाला हात सर्वांत शेवटी लागतो.

प्रकार न पाहता जोड घेणे

पारंपरिक किंगपिनच्या ट्रकमध्ये किंगपिन बोर्डाच्या मध्याकडे तोंड करून असते, तर रिव्हर्स किंगपिनच्या ट्रकमध्ये ती नाकाकडे आणि शेपटीकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला असते. पारंपरिक ट्रक उंचीला कमी असतो आणि स्केटपार्क, कसरती किंवा छोट्या क्रूझरसाठी चांगला असतो. लांब वळणे, उतार आणि डान्सिंग (चालत्या बोर्डावर पावले टाकणे) यांसाठी रिव्हर्स किंगपिन अधिक स्थिर वाटते, म्हणून लाँगबोर्डवर तेच जास्त दिसते. दोन किंगपिन असलेले ट्रक अतिशय खोल वळतात आणि सपाट रस्त्यावर मजा आणतात, पण तेच उतारावर नेणे धोक्याचे आहे.

कोनाचे काम नटाकडून करून घेणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बेसप्लेटचा कोन हे ठरवतो, की डेक जेवढा कलला त्याच्या प्रमाणात चाके किती वळतील. साधारण ४५ अंशांना कल आणि वळण जवळपास सारखे असतात. कोन त्याहून वाढला की थोड्या कलावर जास्त वळण मिळते, कमी झाला की तेवढ्याच वळणासाठी जास्त कलावे लागते. सर्वसाधारण लाँगबोर्डवर ५० अंशांचा ट्रक असतो. अनेक कंपन्या त्याच हँगरसाठी कमी कोनाची बेसप्लेटही देतात: पॅरिसची ४३ अंशांची, कॅलिबरची ४४ अंशांची, रँडलची ४२ आणि ३५ अंशांची.

उतारावर जाऊ लागलेला रायडर बहुधा आपला ५० अंशांचा ट्रक आवळून घट्ट करतो आणि आता तो कमी कोनाच्या ट्रकसारखा झाला असे समजतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. नट आवळल्याने डेकचे कलणेच बंद होते, त्यामुळे पायाला काही कळत नाही आणि गरज असते तेव्हा वळताही येत नाही. कमी कोनाच्या बेसप्लेटमध्ये कल शिल्लक राहतो, फक्त त्या कलाचे वळणात होणारे रूपांतर कमी होते. म्हणून वेगात पाऊल जरासे हलले तरी बोर्ड भलतीकडे जात नाही.

पुढच्या आणि मागच्या ट्रकला एकच कोन हवा, असा नियम नाही. कार्व्हिंग (एकामागोमाग रुंद वळणे घेणे) आणि डान्सिंगसाठी दोन्हीकडे ५० अंश ठीक असतात, कारण बोर्ड दोन्ही दिशांनी सारखाच वागावा अशी तिथे गरज असते. डाउनहिलमध्ये, म्हणजे वेगात उतार उतरताना, मात्र मागचा कोन पुढच्यापेक्षा बराच कमी, कित्येकदा २० ते ३० अंशांपर्यंत ठेवतात, म्हणजे पुढचा ट्रक दिशा देतो आणि मागचा निमूटपणे त्याच्या मागे जातो. पाय न टेकता शरीराच्या हेलकाव्यावर बोर्ड पुढे नेणाऱ्यांची मांडणीही याच तत्त्वावर चालते. जास्त कोनाचा ट्रक मागे लावणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण मागची बाजू जास्त वळू लागली की वॉबलला, म्हणजे वेगात बोर्ड आपोआप डावीउजवीकडे थरथरण्याला, आमंत्रणच मिळते.

कारखान्यातले बुशिंग कायमचे मानणे

किंगपिनवर बसणारी युरेथेनची ही दोन बुशिंग स्वस्त असतात, आणि ट्रकच्या स्वभावावर त्यांच्याइतका परिणाम दुसरा कुठलाच सुटा भाग करत नाही. कंपनी मधल्या वजनाचा रायडर धरून बुशिंग बसवते. त्यामुळे हलक्या मुलाला तोच ट्रक लाकडासारखा ताठ लागतो आणि भारदस्त माणसाला तो लोळागोळा वाटतो. ढोबळ सुरुवात म्हणून ५५ किलोच्या आसपास ७८ए ते ८२ए, ७० किलोच्या आसपास ८५ए ते ८७ए आणि ९० किलोपुढे ९०ए किंवा अधिक कडकपणा धरावा (‘ए’ हे कडकपणाचे माप; आकडा मोठा तेवढे बुशिंग कडक). डाउनहिलसाठी त्याहून थोडे कडक, डान्सिंगसाठी थोडे मऊ घ्यावे. आकारही पाहावा. निमुळते बुशिंग सहज कलू देते, पिंपासारखे बुशिंग आधार देते. रस्त्याकडच्या बाजूला निमुळते आणि डेककडच्या बाजूला पिंपासारखे, ही जोडी रोजच्या वापरासाठी मला सर्वांत भरवशाची वाटते. उतारासाठी दोन्ही पिंपासारखी घ्यावीत.

आपले बुशिंग चुकीचे आहे का, हे पाहण्यासाठी बोर्ड उलटा ठेवून ते नीट निरखावे. वॉशरच्या कडेबाहेर युरेथेन फुगून आले असेल, मधोमध चीर दिसत असेल किंवा बोट फिरवल्यावर भुगा लागत असेल, तर नट प्रमाणाबाहेर आवळला गेला आहे आणि कडक बुशिंगची गरज आहे. वॉशर बोटाने फिरेनासा होईपर्यंत नट आणावा आणि तिथून पाव ते अर्धा फेरा द्यावा. त्याहून फार पुढे जावे लागत असेल तर ते बुशिंग तुमच्यासाठी नाही. उलट, मोकळीक हवी म्हणून नट इतका सैल करू नये, की किंगपिनचे टोक नटातल्या नायलॉनच्या कड्याच्या आत राहील, कारण असा नट चालताना निघून येऊ शकतो. थंडीत युरेथेन कडक होते, म्हणून गारठ्याच्या पहाटे बोर्ड अचानक ताठ वाटला तर लगेच पाना काढू नये.

वॉबल आला की दोन्ही ट्रक आवळणे

वॉबल अनेकदा मागच्या ट्रकमधून सुरू होतो आणि मागच्या पायावर भार असला की वाढतो. म्हणून आधी वजन पुढच्या पायावर आणावे आणि गुडघे सैल ठेवावेत; मग मागचे बुशिंग एक पायरी कडक करावे; तरीही राहिला तर मागचा कोन कमी करावा. वेग कमी करायला शिकण्याआधी यांतला कुठलाही उपाय करून वेग वाढवू नये, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

रुंदी आणि उंची यांचा मेळ न घालणे

१८० मिलिमीटरच्या हँगरचा एक्सल सुमारे १० इंच, तर १५० मिलिमीटरचा सुमारे ९ इंच भरतो. चाकांची बाहेरची कड डेकच्या कडेच्या आसपास यावी. अरुंद डेकखाली रुंद ट्रक लावला की तो सुस्त वाटतो आणि ढकलताना टाच चाकाला लागते. रुंद डेकखाली अरुंद ट्रक असला की चाके डेकच्या खाली आत राहतात आणि खोल वळणावर डेकला घासून एकदम थांबतात. हे रस्त्यावर कळण्याआधी घरीच डेकची कड पूर्ण दाबून चाक आणि डेक यांत फट राहते का ते पाहावे. खालच्या बाजूला काळसर घासलेला डाग असेल तर ३ मिलिमीटरचा रायझर (ट्रक आणि डेक यांमध्ये बसणारी पट्टी) घालावा, पण त्याबरोबर बोल्टही लांब घ्यावेत.

उलटे बसवणे

वाटते त्यापेक्षा हे जास्त वेळा घडते. डेकची उजवी कड दाबली की उजव्या बाजूची पुढची आणि मागची चाके एकमेकांकडे सरकली पाहिजेत. ती दूर जात असतील तर दोन्ही ट्रक उलटे आहेत, आणि दोन्ही एकाच दिशेने वळत असतील तर एकच उलटा आहे. अशावेळी बोर्ड खेकड्यासारखा तिरका जातो.

कुरकुर ऐकू येत असेल तर ती बहुधा पिव्हट कपातून, म्हणजे हँगरचे टोक बसते त्या बेसप्लेटमधल्या वाटीतून, येते. हँगर काढून कप पुसावा आणि त्यात थोडा साबण किसून घालावा. कप झिजून हँगरचे टोक त्यात हलत असेल तर साबणाने काही होणार नाही, तो कपच बदलावा लागेल.