‘लाडात येणे’ आणि ‘आमाए’: क्योतोतील एका वर्षाचा अभ्यास

पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करत असताना मी एका वर्षासाठी क्योतोतील एका विद्यापीठात गेले आणि तिथे पूर्व आशियातील समाज, संस्कृती आणि मानसशास्त्र यांवरचे पाच अभ्यासक्रम घेतले. जाण्याआधी जपानी भाषेची एन-३ ही, पाच पातळ्यांपैकी मधल्या पातळीची परीक्षा मी पुण्यातच दिली होती. ती वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, आणि या विषयाकडे वळणाऱ्याने अर्ज करण्याआधी निदान तिथवर मजल मारावी, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजी माध्यमाचे वर्ग असतात, नाही असे नाही. परंतु ज्या शब्दांवर या शाखेतली बरीचशी मांडणी उभी आहे, ते शब्द बोलताना कोण कोणासाठी वापरतो हे कानावरून गेलेले नसेल, तर अभ्यास व्याख्या पाठ करण्यापुरताच उरतो.

हे मला दुसऱ्याच महिन्यात कळले. मनोविकारतज्ज्ञ ताकेओ दोई यांनी १९७१ साली ‘आमाए’ या कल्पनेभोवती जपानी मनाची जी मांडणी केली, तिच्यावर मला चर्चासत्रात, तिथल्या बोलीत ‘झेमी’त, बोलायचे होते. ‘आमाए म्हणजे आमच्याकडचे लाड’ असे टिपणात लिहून मी मोकळी झाले होते. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या प्राध्यापकांनी, शांतपणे विचारले, “लाड कोण करतं?” मी म्हणाले, “आई.” त्यावर ते म्हणाले, “मग ते ‘आमायाकासु’ झालं. ‘आमाएरु’ हे क्रियापद मुलाचं आहे.” समोरचा आपले चालवून घेईल हे गृहीत धरून वागणारा तो आमाएरु करणारा, हे ऐकून मी गप्प बसले, आणि रात्री वसतिगृहात भांडी घासताना ‘लाडात येणे’ आठवले. लाड करणारा वेगळा आणि लाडात येणारा वेगळा, हा भेद आपल्या भाषेत आधीपासूनच होता, मलाच तो दिसला नव्हता. (मोठ्या माणसाला ‘फार लाडात आलाय’ म्हणताना आपण टोमणा मारतो, तर दोईंचा आमाए थेट कचेरीतल्या वरिष्ठापर्यंत पोहोचतो, हा फरक राहतोच.) पुढच्या आठवड्यात हे सांगितल्यावर शेजारच्या कोरियन मुलीने ‘ओरिग्वांग’ हा आपला शब्द पुढे केला. असा शब्द जपानीतच आहे या दोईंच्या म्हणण्यावर कोरियन लेखक ई ओ-र्योंग यांनी १९८२ साली याच शब्दाचा दाखला देऊन आक्षेप घेतला होता, हे मला नंतर वाचनयादीत सापडले.

तेव्हापासून प्रत्येक संज्ञेपुढे मराठी शब्द लिहून तो कुठे जुळत नाही तेवढेच टिपायची सवय लागली. चारचौघांतली पत या अर्थाच्या चिनी ‘मिएनत्झ’साठी अब्रू आणि भीड हे दोन्ही शब्द लागले, आणि दोन्ही अपुरे पडले. समाजशास्त्राच्या वर्गात मात्र आपला देश आयताच समोर आला. १९५०च्या दशकात भारतात क्षेत्रकार्य केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ चिए नाकाने यांनी जपानी माणूस स्वतःची ओळख ‘अमुक कंपनीतला’ अशी चौकटीवरून देतो असे दाखवताना, दुसऱ्या टोकाला, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या गुणधर्मावरून ओळख ठरण्याचे, भारतातील जातीचे उदाहरण ठेवले आहे. त्या तासाला वर्गातले सगळे माझ्याकडे पाहू लागले, ते मला फारसे रुचले नाही.

व्यवहाराचे थोडक्यात सांगते. माझ्याकडे सत्र पंधरा आठवड्यांचे, तास नव्वद मिनिटांचा आणि बहुतेक विषय दोन श्रेयांकांचे होते. शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे आपल्या परीक्षांशी त्याची गाठ पडते. झेमीत बोलायचे असेल तेव्हा ‘रेजुमे’, म्हणजे दोन पानी टिपण, सर्वांपुरत्या प्रती काढून न्यावे लागे. एकदा माझा निबंध मुदतीनंतर चार मिनिटांनी पोहोचला आणि स्वीकारला गेला नाही. त्यावर आमाए चालत नाही.

मानसशास्त्राचा भाग मला सर्वांत अवघड गेला, कारण तिथे शब्दांऐवजी प्रयोग असतात आणि त्यांचे निष्कर्ष मोहात पाडतात. मासुदा आणि निसबेट यांच्या २००१ सालच्या प्रयोगात पाण्याखालचे दृश्य पाहून अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा जपानी विद्यार्थ्यांनी भोवतालच्या गोष्टींचा उल्लेख अधिक केला, हे वाचून ‘पूर्वेचे लोक असे’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला तालहेल्म आणि सहकाऱ्यांचा २०१४ सालचा अभ्यास उपयोगी पडला. त्यांनी चीनमधल्याच १,१६२ हान विद्यार्थ्यांची तुलना केली आणि भात पिकवणाऱ्या दक्षिणेतले विद्यार्थी गहू पिकवणाऱ्या उत्तरेतल्यांपेक्षा अधिक परस्परावलंबी विचार करतात असे मांडले. भाताला सामाईक पाणी आणि एकमेकांचे हात लागतात, हे त्यांचे कारण. चर्चेत सेन्सेईंनी प्रत्येकाला आपापला प्रदेश फळ्यावरच्या तक्त्यात भरायला सांगितला. कोकणातली असते तर प्रश्नच नव्हता, मी सोलापूरची. ‘भात’ आणि ‘गहू’ या दोनच रकान्यांपुढे खडू घेऊन मी थोडा वेळ उभी राहिले, आणि शेवटी तिसरा रकाना आखून त्यात ‘ज्वारी’ लिहिले.