लग्नाच्या फोटोंचा रंग घरात आधीच कसा ठरवावा

गेल्या वर्षी माघात एक काकू माझ्या नारायण पेठेतल्या खोलीवर आल्या. मी लग्नाचे फोटो एडिट करते, अल्बम लावते. काकूंनी कापडी पिशवीतून मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली पैठणी काढली, घडी मोडली आणि पदर थेट मॉनिटरशेजारी धरला. "ही बघ. हा रंग फोटोत कुठं गेला?" पैठणी पोपटी हिरवी, काठ जांभळे. पडद्यावर ती शेवाळ धरलेल्या भिंतीसारखी दिसत होती. लेक बाजूलाच बसली होती. म्हणाली, "अगं आई, तो टोन आहे. मला असाच हवा होता."

दोघींचंही बरोबर होतं. लेकीनं वर्षभर जमवलेले फोटो याच गडद, तपकिरी छटेतले होते. आणि आईनं ती पैठणी येवल्याला दोनदा खेपा घालून मागावर विणून घेतली होती. दोघींनी हे बोलणं लग्नाआधी करायला हवं होतं, ते लग्नानंतर माझ्या टेबलावर झालं. ते आधी कसं करायचं, तेच इथं सांगते.

पहिलं काम: प्रत्येकानं आपले दहा फोटो निवडायचे

वधू, वर, दोन्हीकडचे आईवडील आणि घरात असेल तर आजी, प्रत्येकानं आपल्याला आवडलेले दहा फोटो वेगवेगळे निवडा. नातेवाइकांच्या अल्बममधले चालतील, फोटोग्राफरनं दाखवलेले चालतील. मात्र फोटोग्राफरकडून निवडक पंधरावीस फोटो घेऊ नका, एका लग्नाचा पूर्ण अल्बम मागा. भर दुपारी कार्यालयात काढलेली पंगत, ओट्यावरचा ग्रुप फोटो, पाठवणीची गडबड, हे सगळं त्याला कसं जमतं ते तिथंच कळतं.

मग सगळे निवडलेले फोटो एकत्र बसून बघा. मतभेद दोन प्रकारचे असतात आणि ते वेगळे काढणं फार महत्त्वाचं आहे. आजीला सगळे चेहरे समोरून, पायांपर्यंत हवेत. नातीला अक्षता पडताना मिटलेले डोळे हवेत. हा फोटो काढण्याचा प्रश्न झाला. तो लग्नाच्या दिवशीच सुटतो, नंतर कोणीही सोडवू शकत नाही. न काढलेला आत्याचा फोटो मी कुठून आणणार? दुसरा प्रश्न रंगाचा, उजेडाचा, त्वचेचा. तो एडिटिंगचा आहे आणि तिथं बरीच तडजोड करता येते. पहिल्या प्रश्नासाठी माझा आग्रह आहे की कॅन्डिड (नकळत टिपणारा) आणि ट्रॅडिशनल (समोर उभं करून काढणारा) अशी दोन माणसं ठेवा. एकाच माणसाला दोन्ही सांगितलं की सप्तपदीच्या वेळी तो नेमका मामांचा ग्रुप फोटो घेत असतो.

दुसरं काम: शैली आपल्या वस्तूंवर तपासायची

सध्या तीन शैली जास्त मागितल्या जातात. नैसर्गिक, म्हणजे डोळ्यांना दिसलं तसं. फिकट-उजळ, ज्याला लाइट अँड एअरी म्हणतात. आणि गडद, म्हणजे मूडी. नावं ऐकून ठरवू नका. आपल्या लग्नातल्या वस्तूंचं त्या शैलीत काय होतं, ते बघा.

मूडी प्रिसेटमध्ये, म्हणजे एका क्लिकवर लागणाऱ्या तयार रंगमांडणीत, बहुतेक वेळा हिरवा रंग दबवलेला असतो आणि तो तपकिरीकडे ढकललेला असतो. झाडं, गवत यांचा हिरवा फार उठून दिसू नये, म्हणून ही युक्ती. पण आपल्या वधूच्या हातात हिरवा चुडा असतो! तो चुडा, आंब्याचं तोरण, विड्याची पानं, पैठणीचा पोपटी, सगळं एका झटक्यात वाळल्यासारखं दिसतं. लाल कुंकू विटकरी होतं. फिकट-उजळ शैलीत उलटं घडतं. हळदीचा पिवळा लिंबासारखा होतो, मुंडावळ्यांचे मोती पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळतात आणि जरीचा सोनेरीपणा जाऊन ती पांढरी चमकते.

म्हणून फोटोग्राफरला एकच विचारा: या शैलीत एडिट केलेला, हिरवा चुडा आणि हळद दोन्ही दिसणारा फोटो दाखवा. त्याच्याकडे नसेल, तर त्याच्या कुठल्याही मराठी लग्नातला एक फोटो दोन शैलींत करून मागा. दहा मिनिटांचं काम आहे, चांगला माणूस नाही म्हणत नाही.

पैठणीबद्दल एक गोष्ट मात्र काकूंनाही सांगावी लागली. धूपछाँव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. उजेड कुठून येतो आणि आपण कुठून बघतो, त्यावर तिचा रंग बदलतो. अशा साडीचा एकच खरा रंग फोटोत सापडणार नाही. लग्नाआधी दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश न मारता साडीचा एक फोटो काढा आणि एडिट करणाऱ्याला पाठवा. मला कोणी असा फोटो पाठवला, तर मी तो काम संपेपर्यंत समोर उघडा ठेवते.

तिसरं काम: त्वचेबद्दल स्पष्ट बोलायचं

इथं मी तटस्थ नाही. "जरा उजळ करा" असं मला अजूनही सांगितलं जातं, बहुतेकदा वधूच्या मागं, हळू आवाजात. वधू सावळी आहे, सुंदर आहे, आणि अल्बममध्ये दुसरीच कोणीतरी बसली आहे, असं होऊ देऊ नका. कारण ते लगेच ओळखू येतं. चेहरा गोरा होतो आणि मेंदीचा हात आहे तसाच राहतो. कुठल्याही फोटोग्राफरचं काम तपासायचं असेल तर चेहरा, गळा आणि हात यांचा रंग एकमेकांशी ताडून बघा.

ही खोड जुनी आहे, आणि ती फक्त आपल्याकडची नाही. कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या लॅबना रंग जुळवायला नमुन्याचे फोटो द्यायची, त्यांना शर्ली कार्ड म्हणत. कित्येक दशकं त्यांवर गोऱ्या बायकांचेच चेहरे होते. सावळ्या त्वचेचा बारीक उजेड-अंधार त्या मापात नीट बसत नसे. आजचे कॅमेरे तो उत्तम टिपतात. तो पुसून टाकायचं कारण उरलेलं नाही.

मग काय काढायचं? मी एक नियम पाळते. जे दोन आठवड्यांत आपोआप जाणार आहे ते काढायचं: मुरूम, ओरखडा, जागरणानं आलेली लाली. जे कायमचं आहे ते राहू द्यायचं: तीळ, आजीचं गोंदण, बाबांच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या. त्वचेची छिद्रं दिसेनाशी होतील इतका चेहरा गुळगुळीत करू नका, हेही सांगून ठेवा.

चौथं काम: लग्नाच्या दिवशीचा उजेड

निम्मं एडिटिंग कार्यालयातच ठरतं. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण 3000 केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप) असतो आणि दिवसाचा 5500 च्या आसपास. वधूच्या एका गालावर बल्ब आणि दुसऱ्यावर खिडकी असेल, तर एक गाल नारिंगी तरी होतो किंवा दुसरा निळा तरी. दोन्ही जुळवायला एकेका फोटोवर हातानं काम करावं लागतं. मोठी खिडकी असेल तर तिथं बसा आणि जवळचा बल्ब बंद करा.

जांभळ्या-निळ्या एलईडीचा त्रास याहून मोठा. त्या उजेडात बाकीचे रंग जवळजवळ नसतातच, मग ते फोटोत येणार कुठून? तो चेहरा नंतर दुरुस्त होत नाही, फार तर कृष्णधवल करता येतो. संगीतात हे दिवे खुशाल लावा. पण मंगलाष्टकं, लाजाहोम आणि सप्तपदी होईपर्यंत ओट्यावर साधे पांढरे किंवा पिवळसर दिवे राहतील, हे डेकोरेशनवाल्याला आदल्या दिवशी सांगा. लग्न लागताना सांगायला कोणालाच वेळ नसतो.

दोघांच्या पोर्ट्रेटसाठी अर्धा तास राखून ठेवा. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या. त्याआधीचा तासभर उजेड मऊ असतो. लॉनवर फोटो काढताना गवताचा हिरवा रंग हनुवटीखाली उमटतो, म्हणून फरशीवर किंवा मातीच्या वाटेवर उभं राहा. बागेत किंवा शनिवारवाड्यासारख्या वास्तूत जायचं असेल तर परवानगीची चौकशी आधीच करा, शालू नेसून दारावर वाद नको.

काही घरांत अंतरपाट दूर होण्याआधी दोघांनी एकमेकांना बघितलेलं चालत नाही. तिथं आधी जोडीनं फोटो काढायचा हट्ट धरू नका. त्याऐवजी गौरीहर नीट टिपायला सांगा. पिवळी अष्टपुत्री नेसलेली मुलगी अन्नपूर्णेवर एकेक अक्षता वाहत बसलेली असते. भोवती धावपळ चालू असते आणि ती शांत असते, मामा न्यायला येईपर्यंत. मला विचाराल तर अख्ख्या लग्नातलं वधूचं सर्वात चांगलं पोर्ट्रेट तिथं मिळतं, त्यासाठी कुठं जावं लागत नाही.

पाचवं काम: दोन संच मागायचे

काकू आणि त्यांच्या लेकीचं भांडण शेवटी असंच मिटलं. सगळे फोटो नैसर्गिक रंगात, आणि लेकीनं निवडलेले चाळीस तिच्या गडद टोनमध्ये वेगळे. घरचा मोठा अल्बम पहिल्या संचातून झाला, तिची छोटी फोटोबुक दुसऱ्यातून. रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेल्या मूळ कच्च्या फाइलमधून, हे सहज होतं, कारण त्यात उजेडाच्या पायऱ्या भरपूर असतात. 14 बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाला 16,384 पायऱ्या, तर जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या तयार फोटो फाइलमध्ये, 256. एकदा गडद करून दिलेल्या जेपेगमधून पोपटी पैठणी परत काढायला गेलं की रंग फाटतो. बहुतेक फोटोग्राफर रॉ फाइल देत नाहीत, त्यामुळे दोन संचांचं बोलणं अॅडव्हान्स देतानाच करा. किती फोटो एडिट होणार, बदलाच्या किती फेऱ्या, अल्बम कधी मिळणार, हेही तेव्हाच लिहून घ्या. कृष्णधवल हवे असतील तर त्याच फोटोंची रंगीत प्रत सोबत मागा. काही थोरांना लग्नाचा बिनरंगी फोटो अशुभ वाटतो.

सहावं काम: बदल सांगण्याची रीत

"मजा नाही आली" यातून मला काहीच कळत नाही. फोटोचा नंबर आणि एक गोष्ट सांगा: "212 मध्ये बाबांचा चेहरा काळवंडलाय." घरातल्या सगळ्यांची मतं गोळा करून एकानंच कळवा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून रंग ठरवू नका, तिथं फोटो दाबला जातो. मोबाइलचा डोळ्यांना आराम देणारा पिवळा मोड बंद करून बघा.

अल्बम छापायच्या आधी दोन-तीन फोटोंची चाचणी प्रिंट मागा. कागद पडद्यासारखा आतून उजळत नाही, त्यामुळे छापील फोटो जरा गडदच वाटतो. ही प्रिंट दिवसा, खिडकीशी बघा. 12 बाय 36 इंचांच्या पानात मधोमध घडी येते, तिथं कोणाचा चेहरा गेलेला नाही ना, तेही पाहून घ्या. आणि सगळ्या फाइल्स दोन हार्डडिस्कवर उतरवा, एक माहेरी ठेवायची, एक सासरी.