‘निर्बंध लागले’ म्हणजे कोणी लावले? या कामात येऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या पोरांसाठी

वणी तालुक्यातल्या आमच्या गावात मी ‘पुण्याला बँकेचं काहीतरी करतो’ एवढंच लोकांना ठाऊक आहे. नेमकं काय करतो हे सांगायला गेलो की दुसऱ्या वाक्यालाच समोरचा तंबाखू मळायला घेतो. पण हल्ली बी.कॉम., एम.ए. झालेली पोरं फोन करतात. भाऊ, ते सँक्शन्सचं, म्हणजे निर्बंधांचं काम काय असतं, आपल्याला जमेल का? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

काम असं आहे. एखाद्या देशाशी, कंपनीशी किंवा माणसाशी पैशाचा-मालाचा व्यवहार करायचा नाही, अशी बंदी म्हणजे निर्बंध. परदेशात जाणारा आणि तिकडून येणारा पैसा संगणक निर्बंधांच्या याद्यांशी ताडून पाहतो. पाठवणारा, घेणारा, मधली बँक, मालाचं जहाज, यातलं कुठलंही नाव यादीतल्या नावासारखं वाटलं की अलर्ट पडतो. तो खरा की नुसतं नामसाधर्म्य, हे माणसाने ठरवायचं. बहुतेक अलर्ट नामसाधर्म्याचेच निघतात. त्याने कंटाळा येतो, आणि चुका त्या कंटाळ्यातच होतात.

मी अमरावती विद्यापीठाचा राज्यशास्त्राचा बी.ए. पुढे तालुक्याच्या अभ्यासिकेत एमपीएससीची तीन वर्षं काढली. एकदा पूर्व परीक्षा निघाली, त्यापुढे गाडी गेली नाही. तिसऱ्या वर्षी माय डबा हातात देताना ‘यंदा तरी’ एवढंच म्हणायची. तरी ती वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. आवाजी मतदान, मतविभाजन, नकाराधिकार हे शब्द तिथेच पाठ झाले आणि मुलाखतीत तेच कामी आले. कामी आले म्हणजे अर्धेच आले. मला विचारलं, “अमेरिकेने इराणवर निर्बंध लावले, म्हणजे कोणी लावले?” मी म्हणालो, राष्ट्राध्यक्षांनी. “फक्त त्यांनीच?” मी गप्प.

तर पहिली गोष्ट हीच पक्की करा. अमेरिकेत निर्बंध दोन दारांनी येतात. एक दार काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं: दोन्ही सभागृहं, म्हणजे प्रतिनिधीगृह आणि सिनेट, विधेयकावर मतदान करतात आणि मग बहुधा राष्ट्राध्यक्षांच्या सहीने कायदा होतो. दुसरं राष्ट्राध्यक्षांचं: 1977 च्या आणीबाणीविषयक आर्थिक अधिकारांच्या कायद्याखाली ते आदेश काढतात. नावांची यादी ठेवतं अर्थखात्याचं कार्यालय, ज्याला आम्ही दिवसभर ‘ओफॅक’ म्हणतो. युरोपीय संघात 27 सरकारांचं एकमत लागतं, एकाने पाय अडवला तरी गाडी थांबते. आणि आपल्याकडे? दुसऱ्या देशावर निर्बंध लावायचे का, यावर लोकसभेत मतदान झाल्याचं तुम्हाला आठवणार नाही. आपण पाळतो ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध. तिथे 15 पैकी 9 मतं हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणी नकाराधिकार वापरता कामा नये. ते भारतात लागू करायला 1947 चा एक छोटासा कायदा आहे, त्याखाली केंद्र सरकार आदेश काढतं. एकट्या अमेरिकेचे निर्बंध भारत सरकार मानत नाही, पण डॉलरमध्ये व्यवहार करणारी भारतीय बँक मात्र ते पाळते. हा फरक ज्याला सांगता येतो त्याची निम्मी मुलाखत तिथेच होते.

आता मतदान. नवीन माणूस आकडा पाहून भारावतो. 2017 चा रशिया, इराण, उत्तर कोरियावरचा कायदा घ्या, लघुरूप ‘कात्सा’. प्रतिनिधीगृहात 419 विरुद्ध 3, सिनेटमध्ये 98 विरुद्ध 2. ट्रम्पना तो नको होता, जाहीर नावं ठेवून त्यांनी 2 ऑगस्टला सही केली. का केली, तर नकाराधिकार वापरला असता तरी दोन्ही सभागृहांच्या दोन तृतीयांश मतांनी तो मोडला असता. असं पूर्वी घडलेलं आहे. 1986 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीवरचं विधेयक रेगन यांनी परत पाठवलं, तर प्रतिनिधीगृहाने 313 विरुद्ध 83 आणि सिनेटने 78 विरुद्ध 21 मतांनी ते त्यांच्या डोक्यावरून मंजूर केलं. आकडा पाहायचा तो एवढ्यासाठीच.

खरी मेख मात्र पुढच्या पानांवर असते. त्याच कात्साचं कलम 231 वाचा. रशियाच्या संरक्षण क्षेत्राशी मोठा व्यवहार करणाऱ्यावर निर्बंध. तुर्कस्तानने रशियाची एस-400 ही विमानं-क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा घेतली, डिसेंबर 2020 मध्ये त्यांच्या संरक्षण खरेदी संस्थेवर निर्बंध आले. भारताने ऑक्टोबर 2018 मध्ये तीच एस-400 घ्यायचा करार केला, आपल्यावर आले नाहीत. कायदा एक, शस्त्र एक. सूट देण्याची, वेळ काढण्याची किल्ली काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांच्या हाती ठेवली होती. जुलै 2022 मध्ये ‘भारताला सूट मिळाली’ अशा बातम्या झळकल्या, पण तेव्हा फक्त प्रतिनिधीगृहाने शिफारशीची दुरुस्ती मंजूर केली होती आणि अंतिम कायद्यात ती आलीच नाही. म्हणून माझी सवय अशी की विधेयक उघडलं की आधी सूट आणि अपवाद शोधायचे, मग बाकीचं.

यात मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. चीनमधल्या शिनजियांग प्रांताच्या कापसाबद्दल एक टिपण लिहायचं होतं. कापसाच्या गावचा म्हणून मी उड्या मारत घेतलं आणि ठोकून दिलं की तिथल्या उइगूर मुस्लिमांच्या सक्तमजुरीविरोधातला अमेरिकेचा कायदा डिसेंबर 2021 मध्ये 428 विरुद्ध 1 मतांनी झाला. वरिष्ठ बाईंनी विचारलं, विधेयक क्रमांक कुठला? पाहतो तर तो आकडा आधीच्या विधेयकाचा. कायदा झाला तो तडजोडीतून आलेल्या दुसऱ्याच विधेयकाचा. ते प्रतिनिधीगृहात आवाजी मतदानाने आणि सिनेटमध्ये कोणी हरकत न घेतल्याने मंजूर झालं होतं. कोणी कसं मत दिलं याची नोंदच नाही. आणि मुळात ती आयातबंदी आहे, खाती गोठवणं नव्हे. बाई रागावल्या नाहीत. नुसतं लाल गोल करून टिपण परत दिलं.

जहाजाची चूक त्याहून वाईट होती. नाव जुळत नाही म्हणून मी अलर्ट बंद केला. जहाजाचं नाव बदललेलं होतं, पण आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, सात आकडी नंबर तोच. हे मला गावात कळायला हवं होतं. आमचा सर्जा बैल पांढरकवड्याकडे विकला, तिथे त्याचा राजा झाला असेल, पण कानातला पिवळा बारा आकडी बिल्ला काही बदलला नाही. तेव्हापासून नावाआधी नंबर पाहतो.

बाबांना माझ्या कामातली एकच गोष्ट मनापासून आवडते, 1998 ची. पोखरणनंतर अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे भारतावर निर्बंध आले, पाकिस्तानने स्फोट केल्यावर त्यांच्यावरही. त्यात कर्जहमी बंद झाली आणि अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचा पाकिस्तानला जाणारा गहू अडकला. तिकडच्या गहू पिकवणाऱ्या राज्यांतून ओरड झाली आणि जुलैमध्ये सिनेटने 98 विरुद्ध 0 मतांनी शेतमालाला त्यातून वगळलं. स्फोट मे महिन्यात, सूट जुलैत. बाबा म्हणाले, “थ्या गहूवाल्याईची एवढी चालते का बाप्पा?”

पण त्यांनीच मला अडवलंही. अन्नधान्यावर, औषधांवर अमेरिका सहसा निर्बंध लावत नाही, असं मी ऐटीत सांगत होतो. ते म्हणाले, “अन्नावर बंदी नाही म्हनतं, मंग सोयाबीनवाल्याईचे पैसे काहून अटकले?” बाजार समितीत कोणीतरी बोललेलं त्यांनी ऐकलं होतं. त्याचं उत्तर शोधायला मला आठवडा लागला. आपण इराणचं तेल घ्यायचो, त्याचे काही पैसे रुपयांत युको बँकेच्या खात्यात जमा व्हायचे आणि त्यातूनच इराण आपला तांदूळ, चहा, सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, घ्यायचा. मे 2019 मध्ये अमेरिकेने निर्बंध असूनही इराणचं तेल घेऊ देणारी सवलत बंद केली, आपण तेल थांबवलं, खात्यात नवा रुपया येईना. डीओसीवर बंदी नव्हतीच, पैसे यायची वाट आटली. ही साखळी कुठल्याही कोर्समध्ये मला कोणी शिकवली नव्हती.

कोर्सचं म्हणाल तर काळा पैसा रोखण्याच्या कामाचं ‘कॅम्स’ आणि निर्बंधांसाठीचं ‘सीजीएसएस’ ही प्रमाणपत्रं चालतात. फी डॉलरमध्ये असते, पदरचे पैसे घालू नका, वर्षभर काम करा आणि कंपनीकडून मागा. सुरुवातीला बहुधा कंत्राटी नोकरी मिळते, पगार पुण्यातलं खोलीभाडं आणि खानावळ जाऊन जेमतेम उरतो. इंग्रजी बोलण्याची धास्ती घेऊ नका. वाचता आणि तीन ओळींत कारण लिहिता आलं पाहिजे. अलर्ट का बंद केला, हे दोन वर्षांनी तपासणाऱ्यालाही कळेल असं लिहिणं, यावरच तुमची परीक्षा होते.

फोन जरूर करा, पण त्याआधी कात्साचं कलम 231 उघडा आणि त्यातली सूट कुठे लपली आहे ते शोधून ठेवा. आपण तिथूनच बोलायला सुरुवात करू. माझी शिफ्ट दुपारी दोनला लागते, म्हणून सकाळी करा.