इचॉनला निघण्याआधी

इचॉन म्हणजे दक्षिण कोरियातलं मातीच्या भांड्यांचं गाव. आधी फोनमध्ये ‘इचॉन’ हे नाव कोरियन लिपीत साठवा. आपलं विमान उतरतं ते इन्चॉनला, सोलच्या पश्चिमेला. मातीकामाचं इचॉन सोलच्या आग्नेयेला आहे, आणि आपल्या उच्चारात टॅक्सीवाल्याला दोन्ही नावं एकच वाटू शकतात. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, तो वेळेत काढा. नेव्हर या कोरियन ॲपचा नकाशा फोनमध्ये घ्या, मेट्रो-बसच्या टी-मनी कार्डात पैसे भरा. सोलमधल्या गंगनमहून मेट्रोने पांग्यो, तिथे गाडी बदलून सिनदुन दोयेचॉन स्टेशन. पुढे टॅक्सीने येस पार्क, म्हणजे कुंभारांच्या कार्यशाळांची अख्खी वसाहत. सोमवार टाळा, संग्रहालयं बहुधा बंद असतात. वसंतातल्या मातीकाम महोत्सवात माल भरपूर असतो, पण कारागिराशी निवांत बोलायचं तर साधा वार बरा.

जाण्यापूर्वी थोडा अभ्यास हवाच, नाहीतर सगळी हिरवी भांडी सारखीच दिसतात. कोर्यो राजवटीच्या (दहावं ते चौदावं शतक) काळातल्या सेलाडॉनची, म्हणजे हिरव्या झिलईच्या भांड्यांची, संगाम ही जडावाची पद्धत समजून घ्या: अर्धवट वाळलेल्या भांड्यावर नक्षी कोरतात, खाचांत पांढरी आणि तांबडी माती भरतात, वरचं खरवडून काढतात. भट्टीत तांबडीची काळी होते. झिलईत लोह अगदी थोडं असतं; भट्टीतला प्राणवायू कमी केला की त्यातून तो निळसर हिरवा रंग येतो. ‘चंद्रघट’, म्हणजे पांढरा गोल पोर्सिलेनचा घडा, पाहताना मात्र पोटावरचा जोड शोधा. दोन वाडगे जोडून तो घडवतात, त्यामुळे जरा वाकडा असतो आणि मला तसाच आवडतो.

स्वतः चाकावर बसायचं असेल तर वेळ आधी ठरवून घ्या, नखं कापा, अंगठ्या हॉटेलवर ठेवा. भांडं त्याच दिवशी मिळत नाही. वाळवणं, पहिली भाजणी, झिलई, मग १२०० अंशांच्या वरची दुसरी भाजणी, यात आठवडे जातात. भारतात पाठवतात का आणि किती घेतात, हे माती हातात घेण्यापूर्वीच विचारा.

जेवायला इचॉनचा तांदूळ प्रसिद्ध. कोर्योनंतरच्या जोसन घराण्याच्या राजांकडे तो नजराणा म्हणून जाई. शाकाहाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की रश्शात सुकी मासळी आणि किमचीत खारवलेली कोळंबी असू शकते.

बॅगेत एक कोपरा रिकामा ठेवा, भांडी गुंडाळायला जाड मोजे न्या. किटली घेतलीत तर झाकण वेगळं गुंडाळा आणि ती हातातल्या सामानातच ठेवा.