गल्लीची भिंत सगळ्यांनी मिळून रंगवायची, तर

चित्र सुरेख पण भिंत ओली असली, तर पहिल्या पावसाळ्यातच पोपडे सुटतात. भिंत ठणठणीत पण गल्लीला न विचारता रंगवली, तर महिन्याभरात तिच्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स येतो. सार्वजनिक चित्रं खराब होतात ती बहुतेक या दोनच कारणांनी, म्हणून या कामाचा क्रम आधी माणसं, मग भिंत आणि शेवटी चित्र असाच ठेवा.

पुढचा हिशोब ३० फूट लांब आणि ८ फूट उंच, सिमेंटच्या गिलाव्याच्या कंपाउंड भिंतीचा आहे. म्हणजे २४० चौरस फूट. एका आळीला किंवा सोसायटीला झेपेल असं हे माप आहे. पहिल्याच वेळी तीन मजली इमारतीच्या बाजूला हात घालू नका. परांचीवर चढून रंगवणारी चारच माणसं असतात, बाकी गल्ली खाली उभी राहून बघत बसते.

आधी कागद, मग माणसं

भिंत खासगी असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र घ्या. सोसायटीची असेल तर कमिटीचा ठराव लागतो, सेक्रेटरीचा तोंडी होकार पुरत नाही. महापालिकेची असेल तर क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या. त्याला भिंतीचा फोटो, माप, चित्राचा कच्चा आराखडा आणि कामाच्या तारखा जोडा आणि मिळालेल्या लेखी परवानगीची प्रत जवळ ठेवा. १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा भिंतीवरच्या रंगालाही लागू होतो, त्यामुळे काम चालू असताना ही प्रत तिथे हाताशी असू द्या. महावितरणच्या डीपीला आणि फीडर बॉक्सला हात लावायचा नाही. त्याच्या आजूबाजूला मुलांना उभंही करू नका.

मग बैठक. ती ऑफिसात न घेता त्या भिंतीसमोरच, संध्याकाळी सात-साडेसातला घ्या. मंडळाचे कार्यकर्ते आपणहून येतातच. मुद्दाम बोलवायचं ते भिंतीला टेकून दिवस काढणाऱ्यांना: भाजीवाल्या मावशी, इस्त्रीवाले, रिक्षा स्टँडवरचे काका, तिथे रोज गाडी लावणारे. त्यांना "चित्र कसलं काढू?" असं विचारलं की उत्तर देव किंवा शिवाजी महाराज असंच येतं. त्याऐवजी "या आळीत पूर्वी काय होतं, आता काय चालतं?" असं विचारा. मग गप्पा सुरू होतात आणि चित्राचा विषय त्यातूनच सापडतो.

देवाचं किंवा थोर पुरुषाचं चित्र रस्त्यालगतच्या भिंतीवर काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. लोक थुंकू नयेत म्हणून अशी चित्रं लावली जातात. पण रंग उडाला, चिखल उडाला की त्यावरूनच वाद पेटतो आणि दुरुस्तीलाही कोणी हात लावायला धजत नाही. पक्षाच्या झेंड्याचे रंग शेजारी-शेजारी येत नाहीत ना, तेही आराखड्यात बघून घ्या.

फ्लेक्सचा विषयही याच बैठकीत काढा. मंडळाच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर "या भिंतीवर फ्लेक्स नाही" म्हटलं की तो शब्द पाळला जातो. नंतर एकेकट्याला गाठून विनवण्या करण्यात अर्थ नाही.

भिंत वाचायला शिका

भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक रात्र तसाच ठेवा. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. गळका पाइप, मागच्या बाजूला भरलेली माती, फुटलेलं गटार यांपैकी काय ते शोधा. ते दुरुस्त होईपर्यंत रंग आणायचा नाही. पांढरी पूड, म्हणजे लोणा दिसत असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जिरतात. नवा गिलावा असेल तर २८ दिवस थांबा.

पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंती वेगळ्या. त्या ओल शोषतात आणि बाहेर टाकतात. त्यांच्यावर अ‍ॅक्रिलिक इमल्शनचा थर दिला की ओल आत कोंडते, रंगाला फुगे येतात आणि सुटताना तो जुना चुनाही ओढून नेतो. अशा भिंतीला चुन्याची सफेदी आणि त्यात गेरू, पिवळी माती किंवा नीळ एवढंच द्यावं. आणि काळ्या दगडाची उघडी भिंत रंगवूच नका. ती जशी आहे तशीच देखणी आहे.

हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची भिंत इतकी तापते की रंग ब्रशवरच वाळतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडतं, म्हणून नऊच्या आत सुरुवात नको. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या तारखा बघूनच दिवस ठरवा, नाहीतर हाताला मुलं मिळत नाहीत.

सामान आणि तयारी

शेवाळ असेल तर एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर या प्रमाणात पाणी लावून रात्रभर ठेवा. हे मोठ्यांनीच, हातमोजे घालून करायचं, आणि त्यात अ‍ॅसिड कधीही मिसळायचं नाही. सकाळी तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ धुवा. सुटे पोपडे पत्रीने खरवडा, भेगा क्रॅक फिलरने भरा, पॉलिश पेपर मारा. धुतलेली भिंत तीन-चार दिवस उन्हात वाळू द्या. घरातली पुट्टी बाहेर लावायची चूक सर्रास होते. ती पावसाने भिजून पापुद्र्यासारखी निघते.

एक्स्टिरिअर प्रायमर ४ लिटर. पांढरं एक्स्टिरिअर इमल्शन दोन हातांसाठी ५ लिटर, कारण खरखरीत गिलाव्यावर दोन हात धरून एक लिटर साधारण ५० चौरस फुटांना पुरतो. चित्रासाठी पाच रंग, प्रत्येकी एक लिटर. गडद रंग दुकानातल्या मशीनवर बनवून घ्या. पांढऱ्या रंगात स्टेनरच्या बाटल्या ओतून गडद लाल होत नाही. लिटरला ३०-४० मिलीच्या वर स्टेनर गेला की रंग नीट वाळत नाही आणि पावसात ओघळतो. विटकरी, मातकट पिवळा, काळा, दगडी हे रंग उन्हात टिकतात. राणी, जांभळा, झगझगीत पिवळा हे आधी उडतात, म्हणून त्यांना थोडीच जागा द्या.

एक आणि दोन इंची ब्रश डझनभर, बारीक ब्रश सहा, दोन रोलर. रंग वाटून घ्यायला श्रीखंडाचे रिकामे डबे सगळ्यात चांगले. चहाचे कागदी कप कलंडतात. उंचीसाठी मंडपवाल्याकडून दोन घोड्या आणि फळ्या मागून आणा.

अडाणी हातांसाठी आराखडा

इथे चित्रकाराची खरी कसोटी लागते. सुंदर पण नाजूक रेषांचं चित्र पन्नास हातांना पेलत नाही. मग चित्रकार रात्री येऊन सगळं पुन्हा रंगवतो आणि सकाळी मुलांना आपला भाग सापडत नाही. म्हणून आकार मोठे, कडा ठळक, एका भागात एकच सपाट रंग.

तांबट आळीचं उदाहरण घ्या. तिथल्या बंबावर, घंगाळावर जे मठारकाम असतं, ते म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या शेजारी-शेजारी बसलेल्या गोल खळग्यांच्या ओळी. हेच भिंतीवर उतरवायचं. आधी बंबाचा पाच फुटी आकार तांबूस रंगाने सपाट भरा: दोन भाग विटकरी, एक भाग मातकट पिवळा, चमचाभर पांढरा. वाळल्यावर त्याच रंगात आणखी पिवळा आणि पांढरा मिसळून उजळ छटा बनवा. जाड स्पंजचा दोन इंची गोल तुकडा कापून काठीला बांधा आणि बंबाच्या गोलाईला धरून ठसे उमटवत जा. स्पंज एकदाच टेकवायचा, ओढायचा नाही. सहा वर्षांच्या मुलालाही हे जमतं आणि सत्तरीच्या आजींनाही, आणि एखादा ठसा वाकडा पडला तरी तो हातोडीच्या ठोक्यासारखाच दिसतो. बुरूड आळीत हेच काम सुपाच्या विणीने होईल: उभे-आडवे पट्टे, एक वर, एक खाली.

कागदावर एक इंच म्हणजे भिंतीवर एक फूट असं प्रमाण धरून चौकटी आखा. भिंतीवर गेरूत बुडवलेल्या दोरीने सूत मारा, सुतार मारतात तसं. उभ्या रेषा ओळंब्याने तपासा, कारण रस्त्याला उतार असतो आणि डोळा फसतो. आकार खडूने काढून प्रत्येक भागात रंगाचा नंबर लिहा. तोच नंबर डब्यावर लिहा.

खालच्या दीड फुटावर चित्र नको. तिथे गडद विटकरी किंवा दगडी रंगाचा पट्टा द्या, घराच्या पायाशी गेरूचा असतो तसा. पावसाचं पाणी रस्त्यावर आपटून चिखल तिथवर उडतो, आणि पिंकाही तिथेच पडतात.

रंगवायचा दिवस

माणशी अडीच फूट जागा धरली तर एका वेळी १२ जण रंगवतील. ४५ मिनिटांची एक तुकडी, दिवसात चार तुकड्या. पाच मुलांमागे एक मोठं माणूस. चार फुटांपर्यंत मुलं, त्यावर मोठी माणसं, आणि घोडीवर फक्त सवयीचे लोक. प्रत्येकाने काहीतरी रंगवावं, पण दोन माणसं डब्यांपाशीच हवीत. त्यांचं काम रंग वाटणं आणि ब्रशची अदलाबदल रोखणं. ब्रश एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेला की संध्याकाळपर्यंत सगळे रंग चिखलाचे होतात. पाण्याची बादली रंगापासून लांब ठेवा. प्रमाणाबाहेर पाणी घातलं की रंग ओघळतो, पण रंग जड लागला की मुलं गुपचूप पाणी घालतातच. कडांच्या काळ्या रेषा शेवटी, दुसऱ्या दिवशी, दोन-तीन सराईत हातांनी ओढायच्या. त्याने सगळं वाकडंतिकडं सावरलं जातं.

ब्रश धुतलेलं पाणी गटारात ओतू नका. ते शेवटी मुठा नदीत जातं. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं निवळ पाणी मातीत टाका, खालचा गाळ वाळवून कचऱ्यात द्या.

आठवडाभराने पारदर्शक बाह्य अ‍ॅक्रिलिक कोट द्या. त्यावरचं क्लासचं पत्रक पाण्याने भिजवून काढता येतं. प्रत्येक रंगाचा पाव लिटर घट्ट झाकणाच्या बरणीत, नंबर लिहून, आराखड्याच्या कागदासह मंडळाच्या खोलीत ठेवा. ऑक्टोबरमध्ये पाऊस पूर्ण थांबल्यावर भिंतीसमोर पुन्हा जमा: खालचा पट्टा नव्याने मारायचा, पोपडे सुटले असतील तिथे खरवडून प्रायमर लावायचा आणि नंबर बघून रंग भरायचा. हे एका रविवारचं काम आहे, आणि त्यासाठी खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत असायला हवं.