क्रूझवरून मुंबईत उतरून पायी फिरताय? मग या चुका टाळा

कोचीहून नाहीतर मार्मागोव्याहून येणारी क्रूझ मुंबईत दिवसभर थांबली की आमच्या गावाकडचं कुणी ना कुणी त्यात असतंच, आणि मग फोन येतो, "नऊला उतरतोय, संध्याकाळपर्यंत सगळी मुंबई दाखव." माझी सगळी नोकरी बॅलार्ड इस्टेटमध्ये झाली, फोर्टातली गल्ली न् गल्ली पायाखालची आहे, आणि पायी बघण्यासारखं याच्याइतकं सुंदर शहर मला तरी माहीत नाही. म्हणूनच लोक त्याच त्या चुका करून दिवस फुकट घालवतात तेव्हा मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बोट सुटायची वेळ धरून परतीचा हिशोब करणं. सहाला सुटणार म्हणजे पावणेसहाला पोचलं की झालं, हे एसटीचं गणित झालं. बोटीत परत चढायची शेवटची वेळ वेगळी असते, सुटायच्या बरीच आधीची, आणि ती बोटीवरच्या रोजच्या पत्रकात दिलेली असते, उतरायच्या आधी तीच बघायची. त्यात बंदराच्या गेटवर ओळखपत्र तपासतात, आतून गाडीने टर्मिनलपर्यंत जायचं, मग सामान मशीनमधून, मग रांग. मी त्या शेवटच्या वेळेतून सरळ दोन तास वजा करतो आणि जो आकडा येतो तो बॉलपेनने तळहातावर लिहून देतो. फोनची बॅटरी संपली तरी तळहात सोबत असतो.

हे दोन तास कशाला, असं माझ्या सावंतवाडीच्या मावसभावाने पण विचारलं होतं. तो, वहिनी आणि वहिनींची आई असे तिघं होते. क्रॉफर्ड मार्केटमध्ये सुकामेवा घेत बसले, निघाले तेव्हा चढायची वेळ संपायला जेमतेम पाऊण तास राहिलेला. घाईत काळीपिवळीत बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बोटीवर जायचंय, धक्क्यावर सोड." त्या बिचाऱ्याने त्यांना नेलं थेट भाऊच्या धक्क्याला! त्याची काही चूक नाही, आपल्या आजी-आजोबांची मुंबई भाऊच्या धक्क्यावरच उतरायची, आजही मांडव्याची रो-रो तिथूनच सुटते. पण क्रूझ लागते बॅलार्ड पिअरला, तिथल्या बंदराचं गेट म्हणजे ग्रीन गेट, आणि मधला पी. डिमेलो रोड म्हणजे संध्याकाळी ट्रकच ट्रक. वहिनींचा फोन आला, आवाज रडवेला, "भावोजी, इथे मासे आहेत नि लाँच आहेत, आमची बोट कुठेच दिसत नाही." मी म्हटलं त्याच टॅक्सीत परत बसा आणि फक्त 'बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट' एवढंच बोला. पोचले, दहा मिनिटं राहिली होती, पण वहिनींच्या आईचे पाय लटपटत होते आणि त्यांच्या लक्षात मुंबई म्हणून फक्त तेवढंच राहिलं. तेव्हा उतरल्या उतरल्या गेटचा फोटो काढून ठेवा आणि टॅक्सीवाल्याला तोच दाखवा.

दुसरी चूक, हाव. सिद्धिविनायक, हाजीअली, जुहू सगळं एका दिवसात म्हणजे दिवसभर सिग्नलला उभं राहणं. बॅलार्ड पिअरपासून सीएसएमटी पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे, १८८७ची इमारत, २००४पासून जागतिक वारशात, आणि लोक तिच्यासमोर एक सेल्फी काढून पळतात! थांबून वर बघा हो, दगडात माकडं, मोर, पानं कोरलीयत. तिथून हुतात्मा चौक, मग ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की एका हाताला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८चे, दुसऱ्या हाताला गोल कोपऱ्यांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या आर्ट डेको इमारती. हे दोन्ही मिळून २०१८मध्ये जागतिक वारसा झालं. पुढे काळा घोडा, गेटवे, आणि परतताना एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर दहा मिनिटं बसणं. एवढंच करा, चार-पाच किलोमीटर होतात आणि पोट भरतं. याला शॉर्टकट नाही, टॅक्सीतून हे दिसतच नाही.

एलिफंटा सोमवारी बंद असतं. आणि लाँचने जायलाच तासभर लागतो, म्हणजे ते केलं तर शहर विसरा.

मॅपवर वीस मिनिटं दिसली तर पस्तीस धरा. सीएसएमटीचा रस्ता वरून ओलांडायला जाऊ नका, सबवे आहे, पण त्याला बाहेर पडायची तोंडं बरीच आहेत, मोबाईल कव्हरच्या दुकानांत गोल गोल फिरत बसाल, म्हणून जिना चढण्याआधी वरचा बोर्ड वाचा.

नवे बूट घालून उतरू नका, फोर्टातले फूटपाथ सपाट नाहीत. बारा ते तीन उन्हात चालू नका, तेव्हा एखाद्या इराण्याच्या हॉटेलात बसून ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, आणि चहा घ्या. खरेदी शेवटच्या तासाला ठेवू नका, मावसभावाचं काय झालं ते वर सांगितलंच.

आणि बोटीचं कार्ड आणि आधार ज्याचं त्याच्या खिशात. सगळ्यांची कार्डं एकाच्या पिशवीत ठेवतात, पिशवीवाला माणूस फॅशन स्ट्रीटवर मागे राहतो आणि बाकीचे ग्रीन गेटबाहेर त्याची वाट बघत उभे, हे मी ऑफिसमधून घरी जाताना कितीतरी वेळा पाहिलंय.