‘आइस ओव्हर’ वापरताना या चुका टाळा

‘द लेक आइस्ड ओव्हर’चं मराठी करायला दिलं की वर्गातली बरीच मुलं लिहितात, ‘तळ्यातला बर्फ संपला.’ मी त्यांना रागवत नाही. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, गोठलेलं तळं खान्देशात पाहणार कुठं? आणि ‘ओव्हर’ म्हणजे त्यांना ठाऊक असलेलं ‘मॅच ओव्हर’. इथला ‘ओव्हर’ मात्र ‘वरून, सगळीकडे’ असं सांगतो.

हे समजवायला मी दुधाचं पातेलं आठवायला सांगते. तापवलेलं दूध निवलं की वर साय धरते, खाली दूध दूधच राहतं. तळ्याचंही तसंच. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. त्याहून गार पाणी वर राहतं, शून्याला तिथंच गोठतं, आणि बर्फ हलका म्हणून तरंगतो. खाली मासे जगतात. बर्फाची ही साय धरणं म्हणजे ‘आइस ओव्हर’. रस्त्याला, गाडीच्या काचेलाही ते चालतं. साच्यातली कुल्फी मात्र आतपर्यंत गोठते, तिथं नुसतं ‘फ्रीझ’ लिहा. बाटलीतल्या पाण्यालाही तेच.

मग एखादा नंदुरबारकडचा मुलगा हमखास विचारतो, आमच्या डाबला, तोरणमाळला थंडीत गवतावर दव गोठतं, त्याचं काय? प्रश्न फार चांगला आहे. ते पांढरे, भुरभुरीत कण म्हणजे ‘फ्रॉस्ट’. ‘द ग्रास वॉज कव्हर्ड विथ फ्रॉस्ट’ म्हणा. खिडकीची काच तशी पांढरी झाली तर ‘फ्रॉस्टेड ओव्हर’.

जुन्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फाचा थर चढतो, ट्रे निघता निघत नाही, हे तर घरोघरी पाहिलेलं. त्याला ‘द फ्रीझर हॅज आइस्ड अप’ म्हणतात. यंत्र, कुलूप, नळी बर्फानं अडली की ‘अप’ जास्त शोभतो.

‘फ्रीझ ओव्हर’ हा ‘आइस ओव्हर’चा सख्खा भाऊ, नदी-तळ्यांसाठी तोच जास्त ऐकू येतो. त्याचा भूतकाळ ‘फ्रोझ ओव्हर’. ‘फ्रीझ्ड’ असं रूपच नाही, तरी दर वर्षी उत्तरपत्रिकेत त्यावर लाल रेघ ओढावी लागते.